उतारावरचा भूप

एकोणीसशे एक्याऐंशी साल. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि चौथीपर्यंत शिकलेला. शाळा मी सोडली, शाळेनं मला सोडलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात, डिंगोऱ्यात, आजही दोन-चार म्हातारे उलटं सांगत फिरतात. आमचं घर सुताराचं. अंगणातल्या लिंबाखाली कामाची जागा, आणि तिथं उजाडल्यापासून नानांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, लाकूड तासायचा वाकस सुरू व्हायचा. वाकसाचा आवाज ऐकून घरात आईला कळायचं की काय चाललंय. बाभळीवर खण्ण, सागावर थप्प, आणि आवाज थांबला की कुणीतरी शेतकरी येऊन बांधावरच्या गप्पा मारत बसलाय. मग ती चुलीवर चहाचं पाणी वाढवायची. नाना लाकूड घेताना बोटाची पेरं त्याच्यावर आपटायचे आणि कान लावायचे. सडकं, पोकळ, ओलं, सगळं त्यांना कानानं कळायचं. तो कान मला त्यांच्याकडून आला असं मी आज कबूल करतो. तेव्हा मला वाटायचं की तो माझा एकट्याचा आहे.

पेरणीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडं लई गर्दी. कुणाची पेरायची पाभर ढिली, कुणाच्या कुळवाचं जू फुटलेलं, आणि प्रत्येकाला आपलं काम आधी पाहिजे. मला त्या कामाचा कंटाळा होता. हात चालायचे, पण मन जुन्नरात. जुन्नरच्या जुन्या बाजारात एका बोळात इस्माईलचाचांचं दुकान होतं, तबला-पखवाज मढवायचं आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं. चाचांना पखवाजाची खोडं नाना करून द्यायचे. लाकूड कोरायचं आम्ही, कातडं चढवायचं चाचांनी, असं तीस वर्षं चाललेलं. खोडं पोत्यात घालून एसटीनं नेऊन द्यायचं काम माझं. दहा मिनिटांचं काम, पण मी तिथं दिवस काढायचो. चाचा पेटीचं पोट उघडून त्यातले पितळी सूर एकेक करून कानाशी धरायचे, कानशीनं एखादा घास काढायचे, पुन्हा फुंकायचे. आणि हे करताना तोंडात भूप चाललेला असायचा. त्याला भूप म्हणतात हे मला चाचांनीच सांगितलं. पाच सुरांचा राग, सा रे ग प ध, मध्ये दोन सूर गाळलेले. मला ते गाळणंच आवडलं. जिन्याच्या दोन पायऱ्या कुणी काढून नेल्यात आणि तरी चढणारा अडखळत नाही, तसं.

एक दिवस मी सरळ बोललो. "चाचा, मला दुकानात घ्या. सूर लावायला शिकवा."

चाचांनी मान वर केली नाही. "मुलं दोन आहेत माझी. एक मोटार दुरुस्त करतो, दुसरा मोटार बिघडवतो. एकानं पेटीला हात लावला नाही. आणि तू सुताराचा, तुला काय पडलंय?"

"मला कान हाय."

"कान सगळ्यांनाच दोन असतात बेटा. सूर ऐकणारा पाहिजे."

"दाखवतो."

"गाऊन दाखवू नको. गळा तुझा रेड्याचा आहे, खरं सांगतो." मग जरा हसले आणि कानशी खाली ठेवली. "लाकडात वाजवून दाखव. तुझ्या घरी लाकडाला तोटा नाही. मी हा जो गुणगुणतो ना, एवढाच तुकडा, वरपासून खालपर्यंत. हात न लावता, नाहीतर म्हणशील हातानं सांभाळून घेतलं. मी डिंगोऱ्याला येईन. वाजला भूप, तर इथं माझ्याजवळ बसायची जागा तुझी. नाही वाजला, तर औतं कर आणि मला डोकं लावू नको."

ते थट्टेत बोलले का खरं, हे मी विचारलं नाही. मी खरंच धरलं. हात न लावता म्हणजे लाकूड लाकडानंच वाजलं पाहिजे. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. आमच्या घरामागं ओढ्यापर्यंत चाळीसेक हात उतार होता. त्या उतारावर दोन लांब फळ्यांच्या कडांवर पट्ट्या मांडायच्या, पायऱ्यांसारख्या, एकीखाली एक. वरून लाकडी चेंडू सोडायचा. तो एका पट्टीवरून दुसरीवर पडत जाईल आणि प्रत्येक पट्टी आपला सूर बोलेल. तुकड्यात जेवढे सूर तेवढ्या पट्ट्या. मी मोजल्या, एकेचाळीस निघाल्या.

परवा सुनेनं मोबाईलवर असंच काहीतरी दाखवलं, कुठल्या तरी देशातलं, रानात मांडलेलं. ती म्हणाली, मामंजी, बघा किती डोकं असतं लोकांना. मी बघितलं आणि मोबाईल परत दिला. चिडायचं कारण नव्हतं, पण मी चिडलो. दुपारची भाकरीही नीट गेली नाही.

नानांना मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की सकाळी तुमचं काम करीन, दुपारनंतर माझं. नाना म्हणाले, "किसनआबाची पाभर पयली. मग काय घालायचा तो गोंधळ घाल." लाकूड मला आंबेगाव तालुक्यातल्या मामानं दिलं. डोंगराकडच्या बाजूचं त्याचं गाव, तिथं शिवणीच्या झाडाचा एक ओंडका तीन वर्षं पडवीत वाळत पडलेला. त्याच्यावर नख मारलं तरी तो बोलायचा.

पहिल्या महिन्यात मला काहीच आलं नाही. पट्टी फळीवर ठेवली की मुकी. हातात धरून मारली तर गाते, खाली ठेवली की मेली. मी खिळे मारून बघितले, सुतळीनं बांधून बघितलं, मधोमध टेकवून बघितलं. जेवायला बसलो तरी बोटं ताटाच्या कडेवर टकटक करायची आणि आई म्हणायची, "ताट तरी सोड रं." एक दिवस करवतीचा भुसा पट्टीवर सांडलेला होता आणि मी रागानं तिच्यावर दांडकं हाणलं. भुसा थरथरत थरथरत दोन ठिकाणी गोळा झाला, दोन्ही टोकांपासून जरा आत, दोन सरळ ओळींत. मी बघतच राहिलो. म्हणजे बाकी सगळी पट्टी नाचते आणि त्या दोन जागी ती उभी असते. तिथं टेकू दिला तर तिला कळणारसुद्धा नाही. तिथं भोकं पाडून सुतळीवर टांगली, आणि पट्टी गायली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे मी लिहितोय ते मुद्दाम लिहितोय.

मग सूर. पट्टीच्या पोटाकडनं मधोमध तासलं की सूर उतरतो, टोक कापलं की चढतो. सोपं वाटतं. पण कुठवर तासायचं, हे सांगणारा सूर जुन्नरात आणि पट्टी डिंगोऱ्यात. मी दुकानात जाऊन गंधार, म्हणजे ग, कानात भरून घ्यायचो आणि तोंडात गुणगुणत एसटीत बसायचो. गाडी सुरू झाली की इंजिनाचा स्वतःचा एक सूर, तो माझा सूर खाली ओढायचा. कंडक्टरनं विचारलं कुठं, तर मी बोटानं दाखवायचो, कारण तोंड उघडलं की गंधार गेला. ओतूरच्या आधीच कुणीतरी ओळखीचं भेटायचं. "काय बबन, नाना बरं हायेत का?" मी मान हलवायचो. एकदा एका पाव्हण्यानं घरी येऊन आईला सांगितलं, की पोराला बोलता येईनासं झालंय, ओतूरच्या डाक्टरला दाखवा. चार वेळा असा गंधार वाटेत सांडला आणि चार पट्ट्या वाया गेल्या. शेवटी चाचांनीच माझी दया येऊन एका मोडक्या पेटीतला षड्जाचा पितळी सूर काढून दिला. तो ओठाला लावून फुंकायचा. एक सूर धड हातात आला, मग बाकीचे मी कानानं शोधले.

तरी रोज नवीन कटकट. चेंडू शिसवीचा केला, तो खाली जाता जाता पळायला लागायचा, म्हणजे भूप विलंबित सुरू व्हायचा आणि ओढ्याशी पोचेपर्यंत लग्नाच्या वरातीसारखा. दोन सुरांमध्ये थांबायचं असेल तिथं मी घोंगडीचे तुकडे अंथरले, तर चेंडू तिथंच झोपायचा. तुकडे बोटभर बोटभर कमी करत गेलो. शेरडं फळ्यांवरून चालून जायची. चेंडू दर पाच खेपांना एकदा उडून ओढ्यात, आणि मी चिखलात हात घालून शोधतोय. किसनआबा पाभरीसाठी येऊन बसायचे, साठीचे, पान खाणारे. बांधावरून म्हणायचे, "नाना, पोरगं तुमचं पाखरं हाकायला चांगलं हाय. बाजरी निसावली की माझ्या वावरात बसवा."

नाना वाकस चालवत म्हणायचे, "परवडायचा न्हाई तुमाला."

एवढंच. पण माझ्या बाजूनं ते तेवढंच बोलायचे, आणि मला ते पुरायचं नाही.

वैशाखात एका संध्याकाळी तो वाजला. पहिल्या पट्टीपासून एकेचाळिसाव्यापर्यंत, कुठं न अडखळता, जिथं थांबायचं तिथं थांबून. मी पुन्हा वर नेऊन सोडला, पुन्हा वाजला. आई परड्यात शेण्या गोळा करत होती, ती तशीच उभी राहिली, एक हात कमरेवर. म्हणाली, "हे चाचा म्हणत्यात तेच की." तिनं चाचांना आयुष्यात दोनदा ऐकलं असेल. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि सकाळी जुन्नरला जाऊन चाचांना सांगून आलो, शुक्रवार सोडून कधीही या. चाचा म्हणाले, रविवारी येतो.

आता जे झालं ते मी कितीदा मनात उलटंपालटं केलंय. शनिवारी बघतो तर उन्हानं पट्ट्यांच्या टोकांना बारीक चिरा पडायला लागलेल्या. सुताराच्या पोरानं उघड्यावरच्या लाकडाला चीर पडलेली बघितली की काय करावं? गाडीच्या जुवाला, पाभरीच्या दांडीला, चौकटीला जे करतात ते. तेल पाजावं. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते हातातच असतं. मी आईकडून करंजीचं तेल मागितलं, कोमट केलं आणि एकेका पट्टीला दोन हात चढवले, वरून खालून. नाना त्या दिवशी पिंपरी पेंढारला एका घराची चौकट बसवायला गेलेले. ते दिवे लागल्यावर आले आणि हातपाय धुऊन झोपले. पट्ट्या अशा चमकत होत्या की मीच खूश. वाजवून बघितलं नाही. म्हटलं, तेल मुरू दे.

रविवारी अकराच्या गाडीनं चाचा आले, पांढरा सदरा, हातात छत्री. आईनं सकाळपासून मासवड्यांचा घाट घातला होता. भाजलेले तीळ, खोबरं, लसूण वाटल्याचा वास सगळ्या परड्यात. किसनआबा होते, शाळेतले गुरुजी होते, भजनातले दोघे पखवाज वाजवणारे भाऊ होते. नाना एका बाजूला धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत उभे. मी वर गेलो, चेंडू सोडला.

षड्ज बोलला, पण घसा बसल्यासारखा. पुढचा त्याच्याहून खाली. गंधार तर नव्हताच, ओल्या घोंगडीवर काठी मारावी तसा आवाज आला. चेंडू आपला प्रामाणिकपणे उतरत होता, थांबायचं तिथं थांबत होता, आणि एकेक पट्टी मेलेली निघत होती. सगळ्या एकसारख्या उतरल्या असत्या तरी चाललं असतं. प्रत्येक वेगळी उतरली होती, जिनं जेवढं तेल प्यालं तेवढी. एकेचाळीस पट्ट्या संपायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. चेंडू खाली ओढ्यात टुपकन पडला. भजनातला थोरला भाऊ खाली बघत होता. किसनआबा म्हणाले, "आमच्या पाभरीची दांडी याच्यापेक्षा बरी वाजती, बबन."

चाचा पुढं आले. छत्री गुरुजींच्या हातात दिली, मधली एक पट्टी सुतळीवरून सोडवली, अंगठा फिरवला, नाकाशी धरली. "तेल," ते म्हणाले. "कुणी पाजलं?"

माझ्या तोंडून आलं, "नानांनी."

मी ठरवलं नव्हतं. कुणी ढकलल्यावर हात पुढं होतो तसा तो शब्द पुढं झाला. दारात आई मासवड्यांची परात घेऊन उभी होती. कालचं तेल तिनंच काढून दिलेलं. तिनं परात खाली ठेवली नाही आणि तोंडही उघडलं नाही. नानांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही बघितलं. मग चाचांकडं वळून म्हणाले, "चुकलं, चाचा."

चाचांचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "चुकलं? नाना, तीस वर्षं तुमच्या हातची खोडं घेतो मी. पोरानं तीन महिने घासलं, आणि तुम्ही एका रात्रीत बुडवलंत? वाजणारं लाकूड कुठलं आणि बैलाच्या मानेवरचं कुठलं, एवढं तुम्हाला कळू नये?" ते जरा थांबले. भजनातला धाकटा भाऊ जायला वळला होता, तोही थांबला. "आता पुढच्या खोडांचं मला बघावं लागेल. असं तेल पाजलेलं एखादं आलं तर माझं कातडं वाया, माझं नाव वाया."

गावात नानांना कुणी अरे म्हटलं नव्हतं. चौकट हातभर चुकली असं म्हणणाऱ्या मोठ्या बागायतदाराच्या दारातून ते हत्यारं उचलून निघून आलेले मी बघितलं होतं. त्या दिवशी चार माणसांसमोर ते मान हलवत उभे राहिले. एकदा म्हणाले, "बराबर हाय तुमचं."

मग चाचांनी ती पट्टी उलटी केली. पोटाकडं मी जिथं तासलं होतं तिथं बोट फिरवत राहिले. दुसरी सोडवली, तिसरी सोडवली. कुठं थांबलोय, कुठं घाबरत घाबरत एकच घास काढलाय, ते त्यांना दिसत होतं. "कान आहे," ते शेवटी म्हणाले, माझ्याकडं न बघता. "सूर गेला त्यात याचा दोष नाही. उद्यापासून ये दुकानात."

तीन महिने ज्याच्यासाठी मरमर केली ते मला असं मिळालं.

जेवायला नानांनी स्वतः वाढलं. मासवडीचा रस्सा चाचांच्या ताटात दोनदा घातला. चाचा आईशी बोलले, गुरुजींशी बोलले, नानांशी नाही. मला राग येत होता, खरं म्हणजे नानांचा. त्यांनी तिथंच मला एक ठेवून दिली असती तर मी सुटलो असतो. आजही मासवड्या केल्या की मी घरात काही ना काही कुरापत काढतो. सून म्हणते, मामंजींना तिखट झालं वाटतं. होय म्हणतो.

दुपारच्या गाडीनं चाचा गेल्यावर मी लिंबाखाली गेलो. नाना किसनआबांची पाभर घेऊन बसले होते.

"तुमी खरं का न्हाई बोलला?" मी त्यांनाच विचारलं, वर तोंड करून.

"तू बोललास की," ते म्हणाले. "एका घरातनं दोन बोलणी कशी निघत्याल?"

"मंग खोडांचं काय?"

"बघू." पाचर ठोकली. "सकाळी पयली गाडी साडेसहाला हाय. सदरा धुऊन ठीव."

ते पुढची पाचर घेऊन बसले आणि मी तिथनं निघालो. दोघं एकाच मातीचे. संध्याकाळपर्यंत मी उतारावर जाऊन पट्ट्या वाजवत बसलो, एखादी तरी परत येईल म्हणून. करंजीचं तेल परत येत नाही. त्या उतारावर आता दुसऱ्याचा ऊस आहे आणि दिवस मावळल्यावर बिबट्याच्या भीतीनं तिकडं कुणी फिरकत नाही. मला भीती वाटत नाही, पण मीही जात नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या गाडीनं मी जुन्नरला गेलो. आईनं भाकरी बांधून दिली होती. दुकान उघडायच्या आधी बोळात उभा राहिलो. चाचा आले, कुलूप काढलं, आणि आत जाऊन त्यांनी आपल्या गादीशेजारी एक पोतं चौघडी करून टाकलं. त्याच्यासमोर एक उघडी पेटी आणि बारीक कानशी ठेवली. "बस," ते म्हणाले. मी म्हणालो, "बसतो," आणि उभाच राहिलो. पहिल्यांदा एक तबलजी आला, पुडी बदलून घ्यायला बसून राहिला. चाचांनी पुन्हा सांगितलं, बस की बेटा. मग नारायणगावाकडचा एक म्हातारा पेटीचा फाटका भाता घेऊन आला, तोही टेकला. मग शेजारचा तांब्यापितळेवाला सहज पायरीवर टेकला. मी मोजत होतो. नानांना चार माणसांसमोर ऐकावं लागलं होतं, तिनात भागणार नव्हतं. चाचा चिडायला लागले, हे काय, देवळातल्या खांबासारखा उभा राहिलास. पाऊण तास तरी गेला असेल. चौथा आला तो कुठल्याशा भजनी मंडळाचा, काखेत पखवाज घेतलेला, आणि खोडावरनं मी लांबूनच ओळखलं की ते आमच्या घरचं आहे. त्याला आत येऊ दिला, टेकू दिला, पखवाज खाली ठेवू दिला. मग मी, बोळाच्या तोंडापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, म्हणालो, "चाचा, तेल मी पाजलं. नानांनी न्हाई."